ढेकर न देणारं गिऱ्हाईक

शेण

गोष्ट शेणापासून सुरू होते, त्याला इलाज नाही.

आजूबाजूच्या गोठ्यांतलं शेण, भाजीबाजारातला सडका पाला आणि खानावळींतलं उष्टं असं सगळं रोज सकाळी ट्रॅक्टरमधून गावाबाहेरच्या बायोगॅस प्रकल्पात येतं, हिरव्या घुमटांच्या टाक्यांत जातं आणि निवृत्त माणसासारखं नुसतं पडून राहतं. पडून राहता राहता फुगतं. फुगण्यातून गॅस निघतो. त्या गॅसमध्ये दोघेजण असतात. एक मिथेन. तो जळतो, म्हणून त्याला मान; त्याला नळातून गावातल्या चुलींकडे पाठवतात. दुसरा कार्बन डायऑक्साइड. तो जळत नाही, उजेड देत नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्याला वेगळा काढायचा आणि धुराड्यातून सोडून द्यायचा. जा बाबा.

या दोघांना वेगळं करण्याचं काम जिच्या हाताखाली चालायचं तिला प्रकल्पावर फोरमनबाई म्हणत. घरी ती नुसती लेक होती, आणि या गोष्टीत घरचंच जास्त असल्यामुळे आपणही लेकच म्हणू.

तर धुराड्यातून जाणाऱ्यातला थोडासा गॅस लेक दर सोमवारी एका बाजूच्या कॉकमधून वळवून घ्यायची. धुवायची, गाळायची, सुकवायची आणि वडिलांच्या सिलिंडरमध्ये भरायची. वाऱ्यावर जाणारी वस्तू, कुणी नेली तर नेली, असं मॅनेजरचं धोरण होतं.

वडील म्हणजे बसथांब्यासमोरच्या सोड्याच्या दुकानाचे मालक. त्यांना अख्खं गाव बुडबुडेअण्णा म्हणतं. अण्णांकडे दोन सिलिंडर होते, दोन्ही त्यांनी स्वतः हिरवे रंगवलेले, प्रत्येकावर तीन पांढरे बुडबुडे काढलेले. एक दुकानात चालू, दुसरा तीनचाकी सायकलवर. सोमवारी सकाळी ते फाटकाशी यायचे आणि रिकाम्या सिलिंडरवर पाना आपटायचे. ठण, ठण, ठण. प्रकल्पाच्या भोंग्यापेक्षा लोक त्या आवाजावर घड्याळं लावायचे.

गिऱ्हाइकं विचारायची, "अण्णा, तुमच्या सोड्यासारखा झणका कुठे नाही. गॅस कुठला हो?"

"बाहेरून येतो," अण्णा म्हणायचे.

गाईच्या बाहेरून, एवढं ते सांगत नसत. सांगितलं तर दुसऱ्या दिवशी दुकानात माशी येणार नाही, याची त्यांना खात्री होती. की फक्त माश्याच येतील, याची.

दगडबाई

मग एक दिवस प्रकल्पाच्या कँटीनमध्ये एक बाई आल्या आणि त्यांनी चहाच्या टेबलावर काळा, भोकाभोकांचा दगड ठेवला. भूगर्भशास्त्र शिकलेल्या. त्यांच्या कंपनीने जवळच्या माळावर खोल विहीर खणली होती. कामगारांनी चहा संपायच्या आत त्यांचं नाव दगडबाई ठेवलं, आणि ते कानावर आल्यावर त्यांनी दुसरा चहा मागवला.

"हे बघा," दगडबाई म्हणाल्या, "तुमचा हा गॅस आला गवतातून. गवताने तो घेतला हवेतून. तुम्ही तो परत हवेत सोडता, म्हणजे फिट्टंफाट. पण आम्ही तो जमिनीत पुरला, तर हवेतून तेवढा कायमचा कमी."

"आणि वर आला तर?" मॅनेजरने विचारलं.

"पाण्यात विरघळवून खाली सोडायचा. खाली असा दगड आहे. पाणी याच्या भोकांत शिरतं, दगड गॅसला धरतो आणि वर्ष-दोन वर्षांत गॅसचाच दगड होतो. दगड कधी उडून गेलेला पाहिलाय?"

लेक इतका वेळ दगड बोटाने फिरवत होती. "मॅडम, समजा त्यातला थोडासा दुसरीकडे वापरला तर?"

"कुठे?"

"समजा हं. सोड्यात."

"सोडा पिऊन माणूस काय करतो?"

या विषयातला जाणकार मॅनेजर होता. तो म्हणाला, "ढेकर देतो."

"झालं तर. म्हणजे परत हवेत. आमच्या हिशेबात ढेकर बसत नाही."

कँटीन हसलं. लेकही हसली, सगळ्यांच्या नंतर आणि सगळ्यांच्या आधी थांबली. कारण करार तिच्यासमोरच होता. पुढच्या महिन्यापासून सगळा गॅस विहिरीकडे. धुराडं बंद. बाजूच्या कॉकला सील.

आणि अण्णांनी फार पूर्वीच जाहीर करून ठेवलं होतं, की ज्या दिवशी लेकीचा गॅस बंद, त्या दिवशी आपलं शटर खाली. बाहेरचा गॅस विकत घेऊन सोडा करायला आपण काय कारखाना आहोत? त्यावर आई फक्त इतकंच म्हणाली होती, "हे दिवसभर घरी बसले तर मी कुठे जायचं, ते आधी ठरवा."

म्हणजे एका कॉकला सील लागलं की एक दुकान बंद, एक घर मोडकळीला, आणि दोन्हींचं बिल लेकीच्या नावावर. सांगायचं तर होतं. आजच सांगायचं होतं.

सांगणं

सोमवार.

"अण्णा, एक सांगायचं होतं."

"सांग की फोरमन. आधी तो वायसर बदल, फुसफुसतोय."

तिने वायसर बदलला.

पुढचा सोमवार.

"अण्णा, समजा हा गॅस पुढेमागे–"

"समजा नको. समजा म्हटलं की पाठोपाठ तुझी आई येते."

रविवार, घरी, जेवताना.

"अण्णा, तुम्ही आता थोडी विश्रांती–"

आईने चमचा खाली ठेवला. "कुठे?"

"काय कुठे?"

"विश्रांती. कुठे घेणार?"

"घरीच की."

"कुणाच्या?"

शेवटचा सोमवार. बुधवारी धुराडं बंद होणार होतं. लेकीने तोंड उघडलं, तर अण्णांनी आधी उघडलं.

"रविवारी दोन्ही शाळांचा फुटबॉलचा सामना आहे, लक्षात आहे ना? गेल्या वर्षी मध्यंतरातच बाटल्या संपल्या. लोक माझ्याकडे असे बघत होते, जसा काही गोल मीच खाल्लाय. तर आजचा राहू दे. शुक्रवारी येतो. दुसरा सिलिंडर इथेच ठेवतो, काठोकाठ भरून ठेव."

लेकीने मान हलवली. मान हलवणं हेही एक प्रकारचं सांगणंच असतं, फक्त उलटं.

ताडपत्री

मंगळवारी, करार लागू व्हायच्या आदल्या संध्याकाळी, तिने अण्णांचा सिलिंडर भरला. यात चोरी काही नव्हती. फक्त लपवताना ती चोरासारखी दिसत होती. आता ठेवायचा कुठे? विहिरीवरच्या पहिल्या चाचणीसाठी, टँकर यायला वेळ असल्यामुळे, प्रकल्पाने काही सिलिंडर भरून शेडमध्ये निळ्या ताडपत्रीखाली उभे केले होते. सिलिंडर लपवायला सिलिंडरांच्या गर्दीइतकी चांगली जागा कोणती? लेकीने हिरवा सिलिंडर त्यांच्यामागे सरकवला, ताडपत्री ओढली, आणि त्या क्षणी तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

गुरुवारी तिची दाढ दुखली म्हणून ती दंतवैद्याकडे गेली, आणि तिथे तोंड उघडून, हात मांडीवर ठेवून, छताकडे बघत पडली असताना इकडे विहिरीकडचा ट्रक आला, ड्रायव्हरने विचारलं काय काय न्यायचंय, मॅनेजरने फोनवरचा हात न काढता ताडपत्रीकडे बोट दाखवून "त्याखालचं सगळं" असं सांगितलं, आणि हमालांनी ज्या शब्दाचा नेहमी कंटाळा करतात त्या 'सगळं'चा त्या दिवशी अगदी शब्दशः मान राखला.

शुक्रवारी सकाळी लेक कामावर आली. ताडपत्री छान चौकोनी घडी करून ठेवली होती.

फोन वाजला. दगडबाई.

"फोरमनबाई, अभिनंदन. तुमच्या लोकांनी कबूल केल्यापेक्षा एक जास्त पाठवला. मी तर अशी माणसं बघितली नव्हती."

"मॅडम. हिरवा होता?"

"हिरवा. बुडबुडे काढलेला. गोड होता हो."

"होता?"

"काल दुपारी गेला ना खाली. सगळ्यांत आधी तोच लावला, शुभ्र बुडबुडे बघून."

आणि फाटकाशी ठण, ठण, ठण.

फाटक

"पुरला?"

"हो."

"माझा सिलिंडर."

"सिलिंडर नाही अण्णा. सिलिंडर परत येणार. आतला गॅस."

"मग काढा की वर."

"तो वर येऊ नये म्हणूनच सगळा खटाटोप केलाय."

"थोडा तरी."

"थोडासुद्धा नाही."

अण्णांनी पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "बरं. मग आत्ता दुसरा भरून दे. हा रिकामाच आणलाय."

मग लेकीने सगळं सांगितलं. करार, सील, धुराडं, दगड, आणि तोंड उघडून मिटलेले सगळे सोमवार. एका दमात सांगितलं, वायसर गेलेल्या कॉकसारखं. सांगून झाल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. दाढच जास्त दुखली.

अण्णा म्हणाले, "मला ती जागा दाखव."

"काय बघायचंय तिथे?"

"माझा माल कुणाच्या घशात गेला, ते."

पाणी

रिकामा सिलिंडर आणि सायकल फाटकाशी ठेवून दोघं प्रकल्पाच्या जीपमधून निघाली. वाटेत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. एकदाच बोलले. "मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तुम्ही शटर ओढलं असतं."

"आणि आता काय, फुलं उधळणारे?"

विहीर बघून त्यांची निराशाच झाली. मोठा खड्डा असेल, आत अंधार असेल, वाकून बघता येईल, असं त्यांना वाटलं होतं. इथे माळावर एक पांढरी पत्र्याची खोली, तिच्यात गुणगुणणारा पंप, पाण्याची एक नळी, गॅसची एक नळी, दोघी एका जाड नळीत शिरत होत्या आणि ती जाड नळी सरळ जमिनीत. कोपऱ्यात अण्णांचा हिरवा सिलिंडर उभा होता, जावयासारखा अवघडून.

दगडबाईंनी खुर्ची दिली. अण्णा बसले नाहीत. ते त्या दोन नळ्या जिथे एक होत होत्या तिथे जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

"पाणी गार आहे?"

"गारच लागतं."

"दाब देता?"

"भरपूर."

"आणि त्यात गॅस सोडता." अण्णा लेकीकडे वळले. "अगं, हा तर सोडा आहे."

इतकी वर्षं मिथेन, कार्बन डायऑक्साइड करणाऱ्या लेकीच्या हे मनातसुद्धा आलं नव्हतं. दगडबाईंच्या आलं होतं. त्या म्हणाल्या, "सोडाच आहे. बाटली जरा मोठी आहे इतकंच."

नळीला नमुन्याचा एक छोटा नळ होता. पाणी पिण्याचं, गॅस धुतलेला, तेव्हा चव घ्यायला हरकत नव्हती. दगडबाईंनी ग्लासात दोन घोट दिले. अण्णांनी ग्लास उजेडाकडे धरला, बुडबुडे वर चढताना बघितले, मग प्यायले. डोळे मिटले.

"मीठ?"

"नाही."

"लिंबू?"

"नाही हो."

"हे असलं सपक पिणार कोण?"

"दगड."

"पितो?"

"जेवढं द्याल तेवढं."

"ढेकर देतो?"

"कधीच नाही."

आता मात्र अण्णा खुर्चीत बसले. "मॅडम, माझ्या दुकानात लहानथोर, मास्तर, पोलीस, सगळे उभे राहून गेले. पण ढेकर न देणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही. त्याला आवडलं की नाही हे कळायचं कसं?"

दगडबाईंनी विचार केला. खरोखर केला, कारण हा प्रश्न त्यांना अजून कुठल्याच सभेत कुणी विचारला नव्हता.

"दाब बघतो आम्ही. खाली नको असेल तर दाब वाढतो, पाणी मागे सरतं. कालपासून काटा हललेला नाही. म्हणजे तो पुढचा घोट मागतोय."

"हं," अण्णा म्हणाले. मग आवाज खाली आणून, "रविवारी सामना आहे. या नळाच्या बाटल्या भरून दिल्यात तर मीठ-लिंबू माझं मी बघेन."

"नाही देता येणार. हे दगडाचं आहे."

"आत्ता दिलंत ना मला?"

"तेही वजा करावं लागणार. तुम्ही ढेकर दिलात ना आत्ता."

अण्णांनी दिला होता. हळूच, हातरुमालाआड.

लेकीला हसू आलं. ते तिने दाढेवर हात ठेवून दाबलं. अण्णांनी बघितलं, आणि घरी परतताना जीपमध्ये तिच्या शेजारी न बसता मागे जाऊन बसले.

शटर
*(त्यावर खडूने, वेगवेगळ्या अक्षरांत)*

दुकान बंद आहे. कारण : गॅस जमिनीत गेला.

कुठल्या जमिनीत?

अण्णा, रविवारी सामना आहे. विसरलात काय?

मी उद्या येऊन बघतो. – सलूनवाला

बघण्यासारखं काही नाही. शटरच आहे. – मालक

मालक, ते नीट ओढलेलंही नाही. खालून मांजर आत गेलंय.

फोन

"हॅलो. मी बोलतेय. शनिवार आहे, माहितेय मला. तू काम कर, मी नुसती बोलते. हे माझ्या स्वयंपाकघरात उभे आहेत. सकाळपासून. म्हणतात डबे असे का लावलेत. उंचीप्रमाणे का नाही लावले. मी म्हटलं, लागतात तसे लावलेत. तर म्हणाले, दुकानात असं चालणार नाही... नाही, दूध उतू नाही गेलं. दुधाला बुडबुडे कसे येताहेत ते वाकून बघतात आणि मला सांगतात. मोठे येताहेत म्हणे. बारीक यायला हवेत म्हणे. दुधाला... तू हसू नकोस. तुझ्यावर रागावलेले नाहीत, तेच तर वाईट आहे. रागावले असते तर बाहेर तरी गेले असते... मला एक सांग, तुमच्या त्या विहिरीचं तोंड किती रुंद आहे? माणूस मावतो का? नाही गं, त्यांच्यासाठी नाही. माझ्यासाठी... हो हो. माफी मागायला संध्याकाळी ये, पण माफीने काय होणार? माफीत गॅस असतो का?... रिकामा सिलिंडर कुठे आहे? तुझ्या फाटकाशीच ना अजून? बरं. तो थंड पेयांचा कारखाना, मोठ्या रस्त्यावरचा, तिथे सिलिंडर भरून मिळतात असं ऐकलंय. कुणाला भेटायचं?... तू नको जाऊस. तू गेलीस तर म्हणतील, आधी गॅस पुरला आणि आता उपकार करतेय. मी गेले तर काही म्हणणार नाहीत... का म्हणजे? हिंमत आहे का?"

बर्फाची गाडी

संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा अण्णा ओट्यासमोर उभे होते आणि डबे उंचीप्रमाणे लागले होते. सगळ्यांत बुटका मिठाचा, तो पार कोपऱ्यात.

"अण्णा, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"सांगायला हवं होतं."

"आणि लपवायला?"

"तेही नको होतं."

"लपवायला हरकत नव्हती. पण सिलिंडरांत सिलिंडर? कुणीही उचलेल. गोठ्यात ठेवायचा होतास." ते कपाटाकडे वळले. "आता प्रकल्पाला करार मिळाला, दगडाला सोडा मिळाला, मला सुट्टी मिळाली. सगळे खूश."

खूश माणसाचा चेहरा असा नसतो, हे लेकीला बोलायचं होतं, तेवढ्यात दाराशी बर्फाची गाडी थांबली. ड्रायव्हरशेजारी आई. मांडीवर पर्स, डोक्यावरून पदर घट्ट, आणि मागे बर्फाच्या लाद्यांमध्ये उभा हिरवा सिलिंडर. ड्रायव्हरने तो उतरवला. आईने त्याला पाणी विचारलं, तो गेला, आणि मग ती आत येऊन म्हणाली, "घ्या."

"काय हे?"

"गॅस."

"कुठला?"

"बाहेरून आलाय. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना."

अण्णांनी लेकीकडे बघितलं. लेकीने छताकडे बघितलं. दंतवैद्याकडे सराव झाला होता.

"मी आधीच सांगितलं होतं, बाहेरचा घेऊन सोडा करायचा म्हणजे–"

"त्या कारखान्यात मला अर्धी दुपार बाकावर बसवलं," आई म्हणाली. "शेजारी वेल्डिंगवाले. वर पंखा नाही. एकाने विचारलं, आजी, सिलिंडर कशाला? मी म्हटलं, नवऱ्याला बाहेर काढायचंय. त्याने लगेच मला रांगेत पुढे घेतलं. उद्या शटर वर गेलं पाहिजे. आणि मिठाचा डबा मला आत्ताच्या आत्ता जागेवर हवाय."

अण्णांनी पाना काढला आणि सिलिंडरवर आपटला.

"आवाज बद्द येतोय."

"भरलेला आहे म्हणून," आई म्हणाली. "रिकाम्याचाच आवाज मोठा असतो. मला तुमच्याबरोबर राहून एवढं कळलंय."

अण्णांनी मिठाचा डबा जागेवर ठेवला.

मध्यंतर

मैदानाच्या कडेला टेबल, टेबलावर बाटल्या, बाटल्यांमागे अण्णा आणि झाकणं काढायला लेक. पहिल्या अर्ध्यात एकही गोल झाला नाही, त्यामुळे लोकांना तहान भरपूर आणि बोलायला विषय नाही. रांग सलूनवाल्यापासून सुरू झाली. तो रोजचं गिऱ्हाईक. मोजूनमापून वागणारा माणूस, आरशात बघून सोडा पिणारा. त्याने एक घोट घेतला, बाटली खाली घेतली.

"अण्णा, काहीतरी हरवलंय."

"मीठ कमी झालं?"

"मीठ ठीक आहे. तुमच्या सोड्याला एक... कसं सांगू... रानातला असा वास होता. पहाटेचा. तो नाही."

धुतलेल्या गॅसला कसलाही वास नसतो, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं. पण अण्णा झाकणाचा चिमटा हातात घेऊन तिच्याकडे बघत होते, आणि ते आता काय करणार हे तिला एकदम कळलं. तिने नाही म्हणून मान हलवली. या वेळी अगदी सरळ, कुणालाही कळेल अशी.

"शेणाचा," अण्णा म्हणाले.

"काय?"

"तो वास. शेणातला गॅस होता तो. हिच्या प्रकल्पातला. इतकी वर्षं मी तोच वापरत होतो. आता बंद झाला. हा कारखान्याचा आहे."

रांगेतली बडबड पुढून मागे गप्प होत गेली. कुणीतरी तोंडातला घोट तोंडातच ठेवला. पंच शिट्टी ओठांत धरून उभा होता, तोही वाजवेना. लेकीला वाटलं, शटर आता खरंच खाली. खडूची गरज नाही.

सलूनवाल्याने बाटलीकडे बघितलं. मग अण्णांकडे.

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"आणि आता तो गॅस कुठे जातो?"

"दगडाला देतात."

"दगडाला?" सलूनवाल्याच्या आवाजात पहिल्यांदाच राग आला. "म्हणजे अस्सल होता तो दगडाला, आणि आम्हाला हा कारखान्याचा?"

"आम्ही काय पाप केलं होतं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"दगडाला चव तरी कळते का?"

"विचारलं का आम्हाला? कुणी विचारलं?"

मग अण्णांना नाइलाजाने दगडाची बाजू घ्यावी लागली. तो वाईट नाही, जेवढं द्याल तेवढं पितो, कुरकुर करत नाही, उधारी ठेवत नाही, आणि हवेचं भलं होतं, असं ते चिमटा हलवत सांगत राहिले. कालपर्यंत ज्याच्या नावाने स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होते त्याचीच वकिली करणाऱ्या अण्णांकडे लेक बघत होती, आणि झाकणं काढायची थांबली होती.

"फोरमन," अण्णा तोंड न वळवता म्हणाले, "गिऱ्हाईक उभं आहे."

रागारागाने पिताना माणूस एका बाटलीवर थांबत नाही. मध्यंतर संपायच्या आत टेबल रिकामं झालं.

दगड

सोमवारी सकाळी ठण, ठण, ठण.

लेक फाटकाशी गेली. धुराड्याच्या तोंडावर आता लोखंडी टोपी होती. खाली टँकर उभा होता आणि त्याच्या नळीवर पांढरं दव गोठलं होतं.

"अण्णा, भरता येणार नाही. सील आहे."

"भरायला कोण आलंय? सवय आहे." त्यांनी पाना खिशात ठेवला. मग टँकरकडे बघत, सहज विचारल्यासारखं, "परत मागतोय का?"

"कोण?"

"गिऱ्हाईक."

"रोज. काटा हलत नाही म्हणतात."

"हं." ते खूश झाले होते, पण ते दाखवायला त्यांना सायकलची साखळी तपासावी लागली.

विहिरीवरून आलेला हिरवा सिलिंडर लेकीने आणून सायकलवर चढवला. त्याच्या गळ्यात दोरीने एक छोटी पिशवी बांधली होती. आत मुठीएवढा काळा दगड. पण याच्या भोकांमध्ये काहीतरी पांढरं भरलं होतं, बारीक दाण्यांचं, मिठासारखं. दगडबाईंनी निरोप दिला होता, की हा त्यांच्या जुन्या विहिरीतून काढलेला आहे, पांढरं आहे ते आधी गॅस होतं; अण्णांच्या सिलिंडरचा दगड व्हायला अजून वेळ आहे, तोपर्यंत हा ठेवा.

अण्णांनी तो दुकानात ठेवला, बरणीशेजारी, गिऱ्हाइकाच्या नजरेच्या उंचीवर. निरोपातला जुन्या विहिरीचा भाग मात्र वाटेत कुठेतरी सांडला.

संध्याकाळी लेक कामावरून येताना थांबली. सलूनवाला तिथेच होता.

"हे काय, अण्णा?"

"माझा सोडा."

"दगड आहे हा."

"न उघडलेला आहे."

सलूनवाल्याने दगड उचलला, उजेडाकडे धरला, मग नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"येतो का?" अण्णांनी विचारलं.

"येतो," तो म्हणाला. "पहाटेचा."

अण्णांनी न मागता लेकीपुढे बाटली ठेवली होती, मीठ जरा जास्त घातलेली, तिला लहानपणापासून लागते तशी. तिने उभ्या उभ्या अर्धी संपवली. मग हातरुमाल शोधला, तोंडापुढे धरला, पण थोडा उशीर झाला.

"मोजला," अण्णा म्हणाले.